शेहेचाळीस टक्के

सूरच्या बाहेर, समुद्राकडे तोंड करून
आमचा कारखाना हवेतून खत काढतो.
आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
हवेतून? पगार तरी खरा देतात ना?

माझं काम प्रयोगशाळेत.
दर चार तासांनी दाण्यांचा एक नमुना,
साबुदाण्यापेक्षा बारीक, ओल्या बोटांना गार लागणारा.
ओलावा किती, बाययुरेट किती, नायट्रोजन किती.
शेहेचाळीस. रात्रपाळीलाही शेहेचाळीस.
मी सही करते, जहाज भरू लागतं.
सहा वर्षांत तो दाणा मातीत पडताना
मी एकदाही पाहिला नव्हता.

बिलाद सूरला खल्फान बिन मुबारकची बाग.
खजुरांच्या सावलीत लिंबं, लिंबांच्या पायाशी लसूणघास.
घासाला माझं काही नको;
तो मुळांच्या गाठींत हवा धरतो,
ना भोंगा, ना चिमणी, ना तीन पाळ्या.
मी वाकून पाहिलं त्या गाठींकडे,
जरा ओशाळून,
जसं मोठ्या दुकानदाराने फेरीवाल्याकडे पाहावं
आणि माल त्याचाच सरस निघावा.

लिंबाची मात्र खालची पानं पिवळी.
रोग, खल्फान म्हणाला.
भूक, मी म्हटलं.
उपाशी झाड जुन्या पानातलं काढतं
आणि शेंड्याच्या कोवळ्या पानाला देतं.
पुस्तकात याला एकच ओळ आहे.
इथे ती ओळ फांदीवरून
हळूहळू वर सरकत होती.

दुसऱ्या शुक्रवारी मी ऐटीत एक पिशवी नेली.
मोफिजुलने ती उधळली,
भर दुपारी, उघड्या वाळूवर, भसाभस,
आणि मीच म्हटलं होतं, टाक, टाक.
संध्याकाळपर्यंत नाकाला झोंबणारा ओळखीचा वास.
ज्या हवेतून आणलं होतं
तिलाच परत चाललं होतं सगळं.
आठवड्याने पानांच्या कडा करपल्या.
खल्फान काहीच बोलला नाही.
त्याचं न बोलणं मी अजून मोजते आहे.

मग त्याने छपरातून एक टोपलं ओढलं:
सुकी तारली, वाळूने माखलेली.
बापाने हेच पुरलं, आजाने हेच.
वास असा की मला थेट आमच्या बाजाराचा
पावसाळ्याआधीचा शनिवार आठवला,
आणि मी, पदवीधर, नाकाला ओढणी न लावता
आळ्यात हात घातला.

खाली मासळी, वर शेळ्यांची लेंडी,
म्हणजे वाळू जरा धरून ठेवायला शिकेल;
वाळूचं उधळ्या पोरासारखं,
हातात दिलं की संपलं.
वर माझा दाणा. मूठभर. पिशवीभर नाही.
लगेच मातीने झाकला,
आणि मगरिबनंतर फलजच्या पाण्याची पाळी आली तेव्हा
मोफिजुलने फावड्याने बांध फोडला.
पाणी आळ्यात फिरलं, थांबलं, आत गेलं.
पाळी या शब्दाचा
हा अर्थ मी विसरूनच गेले होते.

निघताना जुवैनाने वाटीभर खलास खजूर दिला.
आमच्यात वाटी रिकामी परत देत नाहीत, मी म्हटलं.
ती हसली. आमच्यातही नाही.
मोफिजुल म्हणाला, आमच्याकडेही.
तिघेही एकदम लिंबाकडे पाहू लागलो.
किती वर्षं टोपल्या भरभरून उचलली इथून लिंबं,
आणि वाटी तशीच पडून होती.

महिन्याने कोवळं पान आलं, तळहाताच्या रंगाचं,
मग हिरवं.
जुनी पिवळी पानं पिवळीच गळाली;
त्यांचं देऊन झालं होतं.

मी अजून सही करते. शेहेचाळीस.
फक्त पेन उचलण्याआधी विचारावंसं वाटतं,
कुणाच्या आळ्यात? किती वाजता? झाकणार ना?
फॉर्मवर त्याला रकाना नाही.

वाटी माझ्या खिडकीत आहे.
तिच्यात काय घालावं
ते अजून ठरलेलं नाही.